अर्थकरी विद्या आणि उत्तरदायित्व

विद्येचे अर्थकरी आणि परमार्थकरी असे दोन भाग पाडून पहिलीला कनिष्ठ व दुसरीला श्रेष्ठ ठरविण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास यांचा व्यासंग करणारे आम्ही अध्यापक या चालीचा फायदा पिढ्यान् पिढ्या घेत आलों आहों. वेतन आम्हीहि घेतों. पण ज्या विद्येंतून तें मिळतें ती मात्र निष्काम आहे, असा आमचा गोड समज असतो. आमच्या महाविद्यालयाच्या एकाच इमारतींत खालच्या मजल्यावर वाङ्मयाचे वर्ग भरतात आणि वरच्या मजल्यावर व्यापार व संगणक यांचा संयुक्त अभ्यासक्रम शिकविला जातो. खालीं बांकें रिकामीं राहतात. वर जागा मिळावी म्हणून पालक रांगेंत उभे राहतात. या दृश्याकडे पाहून नाक मुरडणें सोपें आहे, आणि मीं तें अनेक वर्षें केलें, हें आरंभींच कबूल करतों. प्रस्तुत लेखाचा हेतु त्या विद्येची निंदा करण्याचा नाहीं, आणि तिची तरफदारी करण्याचाहि नाहीं. तिनें एक नैतिक प्रश्न आपल्यापुढें टाकला आहे. तो ओळखण्यास आम्हां वाङ्मयवाल्यांना उशीर झाला, आणि ती विद्या शिकविणाऱ्यांना तो विचारण्यास सवड झाली नाहीं, असें वाटूं लागल्यामुळें हा प्रयत्न.

पुणें विद्यापीठाच्या वाणिज्य शाखेंत ही पदवी पूर्वीं बी. सी. ए. या नांवानें व पुढें बी. बी. ए. कॉम्प्युटर ॲप्लिकेशन या लांबलचक नांवानें ओळखली गेली. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून अशा पदव्या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेंत आल्या, आणि महाराष्ट्रांत त्यांच्यासाठीं सामाईक प्रवेशपरीक्षाहि सुरू झाली. नांवें बदललीं तरी गाभा तोच आहे. एका हातानें विद्यार्थी जमाखर्च, व्यवस्थापनाचीं तत्त्वें व संख्याशास्त्र शिकतो. दुसऱ्या हातानें सी, सी प्लस प्लस, जावा या भाषांत आज्ञावली लिहावयास आणि माहितीचीं कोष्टकें रचावयास शिकतो. आणि शेवटल्या वर्षीं दोन्ही हात जोडून एखाद्या औषधाच्या दुकानाचा, पतपेढीचा किंवा वाचनालयाचा व्यवहार यंत्राकरवीं चालवून दाखवितो. या वर्गाला व्यवहारोपयोगी इंग्रजी शिकविण्याचें काम माझ्या वांट्याला आलें, तेव्हां मीं तें नाखुषीनेंच पत्करलें. शेतकऱ्यांचीं, रिक्षावाल्यांचीं, लहान दुकानदारांचीं मुलें त्या वर्गांत होतीं. त्यांना ही पदवी म्हणजे घरांतील पहिल्या पगाराची वाट होती. आणि त्या वाटेचा उपहास करण्याचा अधिकार, ज्याचा स्वतःचा पगार सुरक्षित आहे अशा माझ्यासारख्याला खास नव्हता.

शिवाय या विद्येची वंशावळ पाहिली, तर ती आपण समजतों तितकी हलक्या कुळांतील नाहीं. दुहेरी नोंदीची हिशेबपद्धति छापील ग्रंथांत प्रथम मांडली ती लुका पाचोली या ख्रिस्ती संन्याशानें, इ. स. १४९४ सालीं व्हेनिस येथें, आणि तीहि गणितावरील एका ग्रंथाचा भाग म्हणून. संगणक प्रथम गणितज्ञांच्या व सैन्याच्या घरीं वाढला खरा. पण व्यापारी कामासाठीं नित्य राबणारा पहिला संगणक उभारला तो चहाचीं दुकानें चालविणाऱ्या लंडनच्या जे. लायन्स आणि कंपनीनें. केंब्रिज विद्यापीठांतील यंत्राच्या धर्तीवर बांधलेलें तिचें 'लिओ' हें यंत्र १९५१ च्या नोव्हेंबरांत भट्टींतील मालाचा हिशेब करूं लागलें. त्यानंतर आठच वर्षांनीं, व्यापारी व्यवहार साध्या इंग्रजीशीं मिळत्याजुळत्या वाक्यांत यंत्राला सांगतां यावा या हेतूनें कोबोल या भाषेची आखणी सुरू झाली. कित्येक बँकांचा कारभार अद्यापि तिच्यावर चालतो. जो व्यवहार करतो त्याला यंत्राला दिलेली आज्ञा वाचतां यावी, अशी त्या आखणीमागें एक आशा होती. ती आशा लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कारण तिचें पुढें काय झालें, यांतच माझ्या प्रश्नाचें मूळ आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं या वर्गांतून बाहेर पडलेला एक विद्यार्थी दिवाळींत भेटावयास आला. कर्ज देणाऱ्या एका कंपनीसाठीं हप्त्यांच्या वसुलीची आज्ञावली लिहिण्याचें काम त्याच्याकडे होतें. ठरलेल्या तारखेला हप्ता जमा झाला नाहीं तर दंड आकारावयाचा, असा नियम त्याला लेखी मिळाला होता. लिहितांना त्याच्या ध्यानांत आलें कीं, सुट्टीच्या दिवशीं ऋणको पैसे वेळेवर भरतो, पण ते कंपनीच्या खात्यांत दुसऱ्या दिवशीं पोंचतात. आणि यंत्र भरल्याची तारीख न पाहतां पोंचल्याची तारीख पाहतें. त्यानें हें वरिष्ठांना सांगितलें. "नियमांत आहे तें लिही, नियम ठरविणें तुझें काम नाहीं," असें उत्तर मिळालें. त्यानें लिहिलें. दंड थोडक्या रुपयांचा होता. तक्रार करणारे विरळा. तो मला म्हणाला, "सर, मीं चोरी केली नाहीं, खोटें लिहिलें नाहीं, सांगितलें तेवढें बरोबर केलें. तरी गांवीं वडिलांना फोन केला कीं मला तें आठवतें. त्यांच्याहि ट्रॅक्टरचा हप्ता असतो. मीं काय करावयास हवें होतें?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. मीं त्याला अर्ज लिहावयास शिकविलें होतें, मुलाखतींत कसें बसावें व कसें बोलावें तें शिकविलें होतें. नाहीं म्हणण्याचें पत्र कसें लिहावें, हें माझ्या शिकविण्यांत कधीं आलें नव्हतें. चहा घेऊन तो गेला, आणि प्रश्न माझ्याजवळ राहिला.

प्रथमदर्शनीं हा प्रश्न जुनाच वाटतो. धन्याच्या आज्ञेनें वाईट काम करणारा चाकर दोषी कीं निर्दोष, हा वाद भीष्म-द्रोणांपासून चालत आला आहे. ज्याचें अन्न खाल्लें त्याची बाजू सोडतां येत नाहीं, ही अडचण त्यांनाहि होती. परंतु आज्ञावली लिहिणाराचें काम आणि जुन्या कारकुनाचें काम यांत मला एक मूलभूत भेद दिसतो. कारकून अन्यायाची नोंद करी तेव्हां ती एका वेळीं एकच करी, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या देखत करी. पुढच्या माणसाची पाळी आली म्हणजे त्याचा हात थबकण्याची शक्यता शिल्लक राही. आज्ञावली लिहिणारा एकदां लिहितो. ती लाखों वेळां अंमलांत येते, आणि त्या वेळीं तो तेथें नसतो. दया, शंका, लाज, ओळखदेख, ज्या ज्या गोष्टींनीं नियमाची धार थोडी बोथट होत असे, त्या आधींच विचार करून आज्ञावलींत घातल्या असतील तरच असतात, एरवीं नसतात. विवेकाचा क्षण खिडकीवरून उठून लिहिणाराच्या मेजावर आला आहे, आणि तेथें बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला हें कोणी सांगितलेलें नाहीं.

याची दुसरी बाजूहि तितक्याच प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. ज्या खिडकीवर दया होती त्याच खिडकीवर लांचहि होती. पाटलाच्या पोराला एक न्याय आणि मजुराच्या पोराला दुसरा, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाहीं. यंत्र जात विचारीत नाहीं, चिरीमिरी मागत नाहीं, जेवणाच्या सुट्टीनंतर या म्हणून सांगत नाहीं. माझ्या वर्गांतील कित्येक मुलींना शिष्यवृत्तीची रक्कम कोणाच्याहि पायां न पडतां स्वतःच्या खात्यांत मिळाली, ती या विद्येमुळेंच. तेव्हां जुना कारकून परत आणावा असें म्हणणें मूर्खपणाचें होईल. प्रश्न एवढाच आहे कीं, यंत्र चुकलें तर त्याला चूक म्हणण्याचा अधिकार कोणाजवळ उरतो?

इंग्लंडांतील पोस्टाचें प्रकरण या बाबतींत डोळे उघडणारें आहे. १९९९ पासून तेथील पोस्टानें आपल्या हजारों शाखांत होरायझन नांवाची हिशेबाची संगणकपद्धति बसविली. फुजित्सु या जपानी कंपनीच्या मालकीच्या संस्थेनें ती तयार केली होती. लवकरच गांवोगांवच्या शाखा चालविणाऱ्या पोस्टमास्तरांच्या हिशेबांत तुटी दिसूं लागल्या. करारावर बोट ठेवून पोस्टानें त्या त्यांच्याकडून भरून मागितल्या, आणि कित्येकांनीं घरदार गहाण टाकून त्या भरल्या. यंत्र चुकत असावें असें म्हणणारांपैकीं अनेकांना, असा अनुभव फक्त तुम्हांलाच येतो, असें सांगण्यांत आलें. १९९९ ते २०१५ या काळांत नऊशेंहून अधिक लोकांना चोरी, खोटे हिशेब इत्यादि आरोपांखालीं दोषी ठरविण्यांत आलें. यांतील सुमारें सातशें खटले पोस्टानें स्वतःच चालविले होते. भारतीय वंशाच्या एका पोस्टमास्तरीण बाईला २०१० सालीं, ती गरोदर असतांना, तुरुंगांत जावें लागलें. पुढें ५५५ जणांनीं मिळून दावा लावला, आणि त्या पद्धतींत दोष होते व त्यांमुळें हिशेबांत खोट्या तुटी दिसूं शकत होत्या, असा निर्णय २०१९ च्या डिसेंबरांत न्यायालयानें दिला. २०२१ सालीं अपील न्यायालयानें ३९ जणांवरील दोषारोप रद्द केले, आणि २०२४ सालीं पार्लमेंटाला खास कायदा करून शेंकडों लोकांना एकदम दोषमुक्त करावें लागलें. तोंपर्यंत कित्येक मरून गेले होते. कांहींनीं स्वतःचा जीव दिला होता.

यंत्रांत चुका होत्या याचें मला विशेष वाटत नाहीं. मोठ्या आज्ञावलींत चुका राहणारच. विशेष हें कीं, त्या चुका माहीत असलेलीं माणसें होतीं. शाखेच्या हिशेबांत दुरून फेरफार करतां येतो, हें ती पद्धति राखणारांना ठाऊक होतें. पोस्ट मात्र तसें होऊं शकत नाहीं असें वर्षानुवर्षें सांगत राहिलें. कायद्यानेंहि त्याच दिशेला पाऊल टाकलें होतें. १९८४ च्या इंग्लिश कायद्याप्रमाणें संगणकांतून निघालेला कागद पुराव्यांत आणणाराला यंत्र नीट चालत होतें असें दाखवावें लागे. ती अट १९९९ च्या कायद्यानें काढून टाकली, आणि यंत्र बरोबरच चालत असणार, हें गृहीत धरलें जाऊं लागलें. तें चुकत होतें हें सिद्ध करण्याचा भार, ज्याला त्याच्या आंत डोकावण्याची मुभाच नाहीं अशा माणसावर पडला.

हें सारें वाचतांना मला विलायतेपेक्षां आपल्या भीमथडीची आठवण अधिक झाली. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर चाल केली, आणि पुढें दंग्याचें लोण पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरलें. दंगेखोरांचा रोख मुख्यतः खतांवर, हुकूमनाम्यांवर होता. ते हिसकावून घ्यावयाचे आणि जाळावयाचे. ज्या कागदानें आपलें शेत जातें तो आपणांस वाचतां येत नाहीं, आणि न्यायालय त्या कागदापलीकडे पाहत नाहीं, हें त्या कुणब्यांचें दुःख होतें. यानंतर दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं १८७९ चा कायदा झाला. त्यानें सावकारी संपली नाहीं, शेतकरी सुखी झाला असेंहि नाहीं. पण त्यांत एक मोठें तत्त्व मान्य झालें. खतावर आंकडा काय आहे एवढ्यावर न थांबतां मूळ व्यवहार काय झाला, मुद्दल किती व व्याज किती, याची चौकशी न्यायाधीशानें करावी, असें त्यांत ठरलें. लिहिलेल्या कागदाच्या पाठीमागें जाऊन सत्य पाहावें, हा निरक्षर माणसाचा हक्क ठरला.

आज्ञावली हें आजचें खत आहे. फरक इतकाच कीं, जुनें खत निदान गांवांतील चार साक्षर माणसांना वाचतां येत असे. हें ऋणकोच्या पदवीधर मुलालाहि वाचतां येत नाहीं, कारण तें कंपनीचें गुपित असतें. कोबोल रचणारांनीं बाळगलेली आशा येथें मोडली. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांत संगणकावरील नोंद पुरावा म्हणून द्यावयाची तर तिच्यासोबत एक प्रमाणपत्र द्यावें लागतें, आणि त्यावर यंत्राची जबाबदारी असलेल्या माणसाची व तज्ज्ञाची सही लागते. उद्यां त्या सहीची पाळी माझ्याच वर्गांतील एखाद्या मुलावर येईल. यंत्र नीट चालत होतें, असें लिहितांना तो काय स्मरून लिहील?

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतों. त्याच्या प्रकरणांत वरिष्ठाला नियम माहीत होता आणि ऋणकोला दंड माहीत होता. पण त्या नियमाचा हा दंड कसा होतो, हें नेमकें जाणणारा तोच एक होता. कर्तव्य अधिकारांतून जसें निर्माण होतें, तसें ज्ञानांतूनहि निर्माण होतें. नियम बदलण्याचा अधिकार त्याला नव्हता. परंतु नियमाचा परिणाम सांगण्याचें ज्ञान त्याच्याजवळ होतें, आणि तें तोंडी पुटपुटून थांबण्याजोगें नव्हतें. अमुक तारखेला भरलेला हप्ता अमुक कारणानें उशिरा धरला जाईल, असें उदाहरण घालून त्यानें लेखी कळवावयास हवें होतें. इतकें केल्यावर वरिष्ठ आपल्या सहीनें तोच हुकूम पुन्हां देईल, तर दोषाचा मोठा वांटा त्याच्याकडे जातो. सगळा जातो असें मी म्हणत नाहीं.

येथें एक भेद करणें अवश्य आहे. अन्यायाचा नियम राबविणें आणि खोटी नोंद करणें या दोन गोष्टी सारख्या नव्हत. पहिलीबाबत निषेध नोंदवून माणूस कधीं नमतें घेऊं शकेल. संसारांत आपण सर्वच तसें करतों. दुसरीबाबत नमतें घेणें नाहीं. हिशेबाच्या वहींत खाडाखोड करूं नये, चुकलेली रक्कम उलट नोंदीनें दुरुस्त करावी, म्हणजे चूक आणि दुरुस्ती दोन्ही दिसत राहतील, हा हिशेबनिसांचा जुना धर्म आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणकपद्धतींत प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहिलीच पाहिजे व ती बंद करतां येऊं नये, असा नियम आपल्याकडे लागू झाला, तो याच धर्माचा नवा अवतार होय. संगणकाच्या इतिहासांतहि याचें एक साधें उदाहरण आहे. १९४७ सालीं हार्वर्डच्या मार्क टू या यंत्रांत एक पतंग अडकलेला सांपडला, तेव्हां तेथील मंडळींनीं तो नोंदवहीच्या पानावर चिकटवून ठेविला. ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात. मला ती सचोटीची वाटते. चूक सांपडली, ती येथें आहे, पाहा, असें त्या पानावर आहे. होरायझनच्या प्रकरणांत नेमकें हें पान नव्हतें.

गरीब घरच्या मुलाला नीति सांगणें सोपें आहे, असा आक्षेप येईल, आणि तो मला मान्य आहे. ज्याच्या पगारावर बहिणीचें शिक्षण अवलंबून आहे त्यानें हुतात्मा व्हावें, असें म्हणण्याचें धैर्य मला होत नाहीं. पण एकट्याला जें हौतात्म्य वाटतें तें सगळा वर्ग करूं लागला म्हणजे रीत होते. सनदी हिशेबतपासनीस आपल्या नांवानें सही करतो, डॉक्टर आपल्या नांवानें औषध लिहून देतो. त्यांच्या पाठीमागें धंद्याची आचारसंहिता उभी असते. आज्ञावली लिहिणारा मात्र निनांवी राहतो, आणि निनांवी माणसाला धीर येत नाहीं. ही रीत घालून देण्याची जागा पदवीचा वर्ग हीच आहे. कारण कंपनींत गेल्यावर ती शिकविण्यांत कोणाचाहि लाभ नाहीं.

आतां ही चर्चाच शिळी झाली, असें कोणी म्हणेल. २०२२ च्या अखेरीपासून सांगाल ती आज्ञावली क्षणांत लिहून देणारीं संभाषणयंत्रें सर्वांच्या हातीं आलीं आहेत. माझे विद्यार्थीहि तीं वापरतात, आणि लपवितहि नाहींत. मग ही विद्या तीन-चार वर्षें शिकावयाची कशाला? माझें मत उलट आहे. लिहिण्याचें श्रम यंत्रानें घेतले, तेव्हां माणसाकडे जें उरलें तेंच या पदवीचें सार होतें. यंत्र लिहितें, पण त्याला जाब विचारतां येत नाहीं; विचारला तर तें नम्रपणें क्षमा मागतें आणि पुन्हां चुकतें, कारण त्याला तुरुंग नाहीं, लाज नाहीं, गांवीं वडील नाहींत. दुसऱ्यानें लिहिलेलें वाचून हें बरोबर आहे असें स्वतःच्या नांवावर सांगावयाचें, तर तें लिहिणाराइतकेंच समजलें पाहिजे. बेरीज येत नसलेला माणूस हिशेब तपासूं शकत नाहीं.

गेल्या दोन वर्षांपासून शेवटल्या वर्षाच्या प्रकल्पांच्या तोंडी परीक्षेला मी आगंतुकासारखा जाऊन बसतों आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतों: तुझें यंत्र चुकलें तर गिऱ्हाइकाला तें कळणार कसें, आणि त्यानें जावें कोणाकडे? पहिल्या वर्षीं बहुतेक मुलें गप्प राहिलीं; एकानें, यंत्र चुकणार नाहीं, असें आत्मविश्वासानें सांगितलें. या वर्षीं पतपेढीचा प्रकल्प केलेल्या एका मुलीनें छापील पावती पुढें केली. तिच्या तळाशीं मराठींत एक ओळ होती: हा हिशेब मान्य नसेल तर अमुक खिडकीवर सांगावें. आणि तिच्या कोष्टकांत त्या तक्रारींसाठीं एक निराळा रकाना होता, ज्यांतील नोंद व्यवस्थापकालाहि पुसतां येत नव्हती. परीक्षकांनीं तिला त्याचे वेगळे गुण दिले नाहींत; गुणपत्रिकेंत तशी जागा नाहीं.

ती जागा असावी, एवढेंच माझें म्हणणें आहे. त्या जुन्या विद्यार्थ्याला मीं त्या पावतीची नक्कल पाठविली, आणि खालीं लिहिलें कीं, तुझ्या प्रश्नाचें उत्तर मला उशिरा व अर्धेंच सांपडलें. तें तुझ्यामागून आलेल्या एका मुलीनें दिलें आहे. त्याचें उत्तर चार दिवसांनीं आलें. सुट्टीच्या दिवसांचा तो नियम त्यानें या वेळीं तारखा व उदाहरणें घालून लेखी कळविला आहे. कंपनीनें अद्याप कांहीं कळविलेलें नाहीं.